पीठ आणि रवा

माझ्या वर्कशॉपमध्ये सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारे, कोरणारे मशीन) बसवला तेव्हा त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी तीन बिटे, म्हणजे त्याची फिरती कापणारी हत्यारे, जाळली आणि देवघराच्या जाळीची एक अख्खी शीट भंगारात काढली. वर्कशॉप म्हणजे तरी काय, पुण्याच्या नऱ्हे भागातल्या एका पत्र्याच्या शेडचा निम्मा हिस्सा. त्याआधीची चौदा वर्षे मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये (जिथे साचे आणि हत्यारे बनतात) व्हीएमसी या संगणकी मशीनवर पोलाद कापण्यात घालवली होती, त्यामुळे लाकडासारखा मऊ माल आपल्याला काय त्रास देणार, अशी एक घमेंड मनात होती आणि ती लपवण्याइतका मी तेव्हा शहाणाही नव्हतो. काम साधे होते: १८ मिमी जाडीचा एमडीएफ (दाबलेल्या लाकूड-लगद्याचा बोर्ड), ६ मिमी व्यासाचे दोन धारांचे कार्बाइड बिट, स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर आणि नवीन मशीन म्हणून जपून ठेवलेला फीड, म्हणजे बिट मालातून पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला १,२०० मिमी. दहाव्या मिनिटाला जळका वास सुटला. मी फीड कमी केला. वास वाढला. मी आणखी कमी केला, आणि जाळीच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या तपकिरी होऊन बिटाच्या बुडातून निळसर धूर निघू लागला.

टूलरूममध्ये आम्हाला लागलेले वळण असे, की काही बिघडतेय असे वाटले तर आधी वेग उतरवायचा. पोलादात ते पुष्कळदा बरोबरही असते. दहा मिमीच्या कार्बाइड कटरने साधे पोलाद कापताना धारेचा वेग मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास धरला, तर फेरे निघतात सुमारे ३,२००. चार धारा आणि दर धारेला ०.०५ मिमी असा हिशेब केला की फीड येतो मिनिटाला साडेसहाशे मिमीच्या आतबाहेर. माझ्या हाताला याच आकड्यांची सवय होती. त्या सवयीच्या मानाने १,२०० हा फीड मला धाडसीच वाटत होता, आणि म्हणूनच तो कमी करावा असे वाटले.

जाळीचे डिझाइन घेऊन आलेले मिस्त्री त्या वेळी शेडच्या दारात उभे होते. चाळीस वर्षे सुतारकाम केलेला माणूस. मशीन बघायला म्हणून थांबलेले. मी मशीन थांबवले तसे ते पुढे आले, शीटवर साचलेल्या भुशातला चिमूटभर उचलून त्यांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळला, आणि मला म्हणाले, “हे पीठ पडतंय हो. निदान रवा तरी पडायला हवा. रंध्याचं पातं बोथट झालं की असं पीठ पडतं.”

“पण बिट नवं आहे, मिस्त्री.”

“सकाळी असेल नवं.”

मग त्यांनी जे सांगितले ते मला चौदा वर्षांत कुठल्या तक्त्यात इतके स्पष्ट दिसले नव्हते. नवशिका पोरगा रंधा भीत भीत मारतो, पाते लाकडावरून नुसते घसरत जाते, लाकूड चकाकते पण साल निघत नाही. दोन दिवसांत पाते जाते आणि पोरगा म्हणतो की लाकूड कठीण आहे. रंधा धीटपणे मारला की साल निघते, आणि साल निघाली की पाते थंड राहते. “तुम्ही कापत नाही, घासताय,” असे म्हणून त्यांनी ते पीठ माझ्या तळहातावर ठेवले. ते कोमट होते.

ते गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. हिशेब पाचवीतल्या मुलाला यावा असा आहे. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेतो आणि बिटाला दोन धारा आहेत, म्हणजे मिनिटाला ३६,००० वेळा एक धार मालातून जाते. मशीन मिनिटाला १,२०० मिमी पुढे सरकते, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला येतो ०.०३३ मिमी. यालाच आमच्या धंद्यात चिप लोड म्हणतात. फीड ८०० वर आणला तेव्हा तो ०.०२२ झाला होता. आता, धार म्हणजे भूमितीतली रेषा नव्हे. कितीही घासली तरी तिच्या टोकाला स्वतःची एक सूक्ष्म गोलाई असते आणि ती दर तासाला वाढत जाते. वाट्याला आलेला थर या गोलाईच्या मानाने फारच पातळ असला, की धार त्यात शिरत नाही, त्याच्यावरून दाबत निघून जाते, आणि न कापलेला तो थर पुढच्या धारेच्या वाट्याला ढकलते. मिनिटाला छत्तीस हजार वेळा हे दाबणे चालले असेल तर धूर निघाला यात नवल ते काय?

पोलादात याच चुकीला कूलंट पुष्कळ सांभाळून घेते आणि उरलेली थोडीफार उष्णता जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडा, स्वतः शोषतो. लाकूड किंवा एमडीएफ उष्णता वाहून नेत नाही, पाणी तर मारता येतच नाही. उष्णतेला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे कापून उडालेला कण. कण जाड असेल तर तो आपल्याबरोबर ऊब घेऊन जातो. पिठाच्या कणात ती घेऊन जायची ऐपत नसते, आणि मग सगळी ऊब बिटात साठते. एका संध्याकाळी शेड बंद करताना मी सहज धूळपिशवीला हात लावला तर ती एका बाजूला चांगलीच गरम लागली. पिशवी अंगणात ओढून उलटी केली, तेव्हा भुशाच्या आत लिंबाएवढा एक काळा गोळा धुमसत होता. त्या दिवसापासून हळू चालवणे म्हणजे सुरक्षित चालवणे ही समजूत माझ्या डोक्यातून गेली, आणि पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करण्याचा नियम आला.

दुसऱ्या दिवशी मी नवे बिट लावले, दर फेरीला ६ मिमी खोली ठेवली आणि फीड ४,८०० केला. चिप लोड ०.१३ मिमी. हात आपत्कालीन बटणावर होता, हे कबूल करतो. एमडीएफ म्हणजे मुळात लाकडाच्या तंतूंचा आणि गोंदाचा दाबलेला लगदा, त्यातून रंध्यासारख्या साली कधीच निघणार नाहीत. पण या वेळी जे उडाले ते बोटांत टोचत होते. रवा. कडा फिक्या, बदामी, जसा आतला माल असतो तशाच. तासाभराने मशीन बंद करून बिटाला बोट लावले तर ते नुसते कोमट होते.

यावर एक रास्त प्रश्न येतो, आणि मलाही तो आला: फीड वाढवायची भीती वाटते तर फेरे कमी करावेत, भागाकार तर तोच राहतो. बरोबर आहे, पण इथे राउटरच्या स्पिंडलचा स्वभाव आड येतो. माझा स्पिंडल २.२ किलोवॅटचा, पाण्याने थंड होणारा. त्याचा वेग ठरवणारा इन्व्हर्टर त्याला ४०० हर्ट्झची वीज देतो तेव्हा तो २४,००० फेरे घेतो. एक हर्ट्झला साठ फेरे असा सरळ हिशेब. पण २.२ किलोवॅट हा आकडा त्या वरच्या टोकाचा आहे. १२,००० वर जवळपास निम्मी ताकद उरते, ६,००० वर चौथाई, आणि माझ्या टूलरूमच्या सवयीचे ३,२०० फेरे मागितले तर हाताने धरूनही थांबवता येईल असे वाटावे इतका तो गरीब होतो (कृपया कोणी धरू नये). तेव्हा फेरे उतरवण्याला जागा आहे, पण ती साधारण १०,००० पासून वर. लाकडात कार्बाइडला धारेच्या वेगाची अडचण सहसा येत नाही. ६ मिमीचे बिट १८,००० वर मिनिटाला ३३९ मीटर वेगाने कापत असते आणि त्याची त्याला तक्रार नसते. तक्रार असते ती कणाच्या जाडीबद्दल.

धारेचा वेग आणि टूलचे आयुष्य यांचा संबंध ज्याने पहिल्यांदा आकड्यांत पकडला तो माणूस म्हणजे फ्रेडरिक विन्स्लो टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कारखान्यात १८८० साली त्याने धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले, आणि ते चालले सव्वीस वर्षे. आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे आपल्या हिशेबात ३,६०,००० किलोंच्या वर लोखंड-पोलाद त्याने निव्वळ ‘नक्की काय होते’ हे पाहण्यासाठी कापून चिप्स केले आणि १९०६ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेपुढे निष्कर्ष मांडले. कापण्यावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी त्याने मोजल्या. सोबतच्या गणितज्ञाने, कार्ल बार्थने, त्या सगळ्या एका सरकपट्टीवर बसवल्या. वेग आणि आयुष्य जोडणाऱ्या टेलरच्या सूत्रातला घातांक कार्बाइडसाठी साधारण ०.२५ धरतात, म्हणजे पोलाद कापताना वेग वीस टक्के वाढवला की टूलचे आयुष्य निम्म्यावर येते. मला या माणसाबद्दल आदर आहे आणि थोडा रागही. कारण हा सगळा खटाटोप कशासाठी, तर किती वेगाने कापायचे हा निर्णय लेथवरच्या कामगाराच्या हातून काढून नियोजनाच्या टेबलावर न्यावा म्हणून. ज्या सरकपट्टीने सव्वीस वर्षांचे ज्ञान कामगाराच्या खिशात यायला हवे होते, तिने ते त्याच्या खिशातून बाहेर काढले. मिस्त्रींनी माझ्या तळहातावर पीठ ठेवले तेव्हा नेमके याच्या उलट काहीतरी घडले, असे मला पुढे बऱ्याच दिवसांनी जाणवले.

हिशेब जमला आणि मला पुन्हा घमेंड आली. सागवानाच्या पाटीवर अक्षरे कोरायची होती, बिट ३ मिमीचे, मी म्हटले चिप लोड ठेवू तोच. पहिल्या अक्षराच्या वेलांटीतच टचकन आवाज झाला आणि स्पिंडल मोकळा फिरू लागला. बिट वाकते किती हे व्यासाच्या चौथ्या घातावर ठरते: व्यास निम्मा झाला की तेवढ्याच जोराला ते सोळा पट वाकते. बिट धरणाऱ्या पकडीबाहेर, म्हणजे कोलेटबाहेर, किती लांबी ठेवली याचा तिसरा घात: लांबी दुप्पट केली की आठ पट. मी दोन्ही चुका एकदम केल्या होत्या, म्हणजे सोळा आठे एकशे अठ्ठावीस. आता ३ मिमीला ०.०५ ते ०.०८ च्या वर मी जात नाही आणि जेवढी खोली कापायची त्याहून फार तर दोन-तीन मिमी जास्त बिट बाहेर ठेवतो. कोलेट रोज पुसतो. कोलेटात अडकलेला भुशाचा एक कण बिटाला दोन-चार शतांश मिलिमीटर तिरके बसवतो, आणि जिथे वाटाच पाच शतांशांचा आहे तिथे एका धारेला सगळे आणि दुसरीला काहीच नाही अशी वाटणी होते.

ही वाटणी कानाला कळते, आणि ही गोष्ट मला फार आवडते. १८,००० फेरे आणि दोन धारा म्हणजे सेकंदाला सहाशे ठोके; हार्मोनियमच्या भाषेत वरच्या सप्तकातली पांढरी दोन, किंचित चढी. बिट नीट कापत असेल तर शेडमध्ये हाच सूर भरलेला असतो. एका धारेचा टवका उडाला किंवा बिट तिरके बसले, की फेऱ्याला एकदाच जोराचा ठोका पडू लागतो, सेकंदाला तीनशे, आणि मूळ सुराखाली त्याच पांढरी दोनचा मंद्र आवाज मिसळतो. फीड जास्त झाला तर स्पिंडलचे फेरे दबतात आणि सूर उतरतो. घासू लागले तर सुरावर एक बारीक किंकाळी चढते. आठ वर्षांत मी दाराबाहेर चहा घेत असतानाही यातले काय चालले आहे ते ओळखू लागलो आहे. मित्र म्हणतात की बोलता बोलता तू मध्येच गप्प होतोस.

तरीही जाळ्यांचे कोपरे काळे पडत होते. सरळ रेषा बदामी, पाकळीचे टोक तपकिरी. चिप लोड ठीक, बिट नवे, कोलेट स्वच्छ. हे कोडे मला दीड महिना पुरले. सुटले ते एका क्षुल्लक गोष्टीमुळे: सॉफ्टवेअरने काम बावीस मिनिटांचे सांगितले होते आणि प्रत्यक्षात घड्याळात एक्केचाळीस मिनिटे झाली. मग उरलेली एकोणीस मिनिटे गेली कुठे? मशीन मी सांगितलेल्या फीडने चालतच नव्हते. ते चालू शकत नव्हते. शंभर किलोंचा पूल, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी आडवी चौकट, एका कोपऱ्यावर थांबवून दुसऱ्या दिशेला हलवायचा तर त्याला गती घ्यायला अंतर लागते, आणि माझ्या मशीनमध्ये त्वरण बसवले होते सेकंदाला सेकंदागणिक २०० मिमी. या त्वरणाने ४,८०० चा फीड गाठायला सोळा मिमी धाव लागते आणि थांबायला आणखी सोळा. जाळीच्या पाकळीत दोन कोपऱ्यांमधले अंतर आठ मिमी. तेवढ्यात मशीन जेमतेम २,४०० पर्यंत पोचते, तेही मधल्या एका क्षणापुरते, आणि लगेच ब्रेक लावते. पडद्यावर मात्र माझा ४,८०० हा आकडा शांतपणे उभा असतो. स्पिंडलला यातले काहीच ठाऊक नसते. तो कोपऱ्यावरही १८,००० नेच फिरतो, म्हणजे मशीन थबकते त्या क्षणी बिट एकाच जागी उभे राहून लाकूड भाजत असते.

यानंतर मी नाजूक नक्षीसाठी फीड ठरवणेच सोडले. आधी पाहतो की नक्षीतल्या लहानात लहान तुकड्यावर हे मशीन खरोखर किती वेग गाठेल, आणि त्या वेगाला शोभतील एवढेच फेरे देतो. आठ मिमीच्या पाकळ्यांना १२,०००. आतल्या कोपऱ्यांना, गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर, छोटी गोलाई देतो, म्हणजे मशीनला पूर्ण थांबावे लागत नाही. त्वरण वाढवूनही पाहिले. साडेतीनशेच्या पुढे टेबल थरथरते आणि ती थरथर कडेवर लाटांसारखी उमटते, म्हणून ३०० वर सोडून दिले आहे.

अशीच एक उलटी गोष्ट शेवटच्या हाताची. फिनिशिंगसाठी कडेवर थोडा माल ठेवून शेवटची फेरी नाजूकपणे, हळू मारावी असे कोणालाही वाटेल. पण ६ मिमीच्या बिटाने कडेचा फक्त ०.६ मिमी थर घेतला, की धार मालात तिरकी शिरून लगेच बाहेर पडते आणि कण हिशेबातल्या जाडीच्या साठ टक्केच भरतो. म्हणजे शेवटचा हात आधीच्या हातांपेक्षा जलद मारायला हवा. हे मी शिकवायला ठेवलेल्या प्रत्येक मुलाला सांगतो, आणि प्रत्येक मुलगा माझ्याकडे मी त्याची थट्टा करतो आहे अशा नजरेने बघतो.

ॲक्रिलिक, अॅल्युमिनियम यांच्यावर मी फार बोलणार नाही, कारण तिथे चूक लपत नाही. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या थोडे वर गेले की नरम पडते आणि कापलेला खाचा तुमच्या डोळ्यांदेखत परत जुळून येतो. एका धारेचे, चकचकीत पोटाचे बिट लावावे आणि शीट शक्यतो कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, घ्यावी, एवढे पुरे. अॅल्युमिनियम बिटाला चिकटते. एक धार, ०.०४ मिमीच्या आसपास वाटा, उथळ फेऱ्या आणि मधूनमधून रॉकेलचा थेंब. सागवान मात्र वेगळे प्रकरण आहे. त्यात सिलिका असते, ती धार खाते, आणि तंतूंची दिशा असते, ती कुठल्याच हिशेबात बसत नाही. सागवानात एक वर्तुळ कापून बघा: समोरासमोरचे दोन पाव भाग आरशासारखे निघतील आणि उरलेल्या दोन पाव भागांत तंतू उपटल्यासारखे दिसतील, कारण तिथे धार तंतूंना मुळाकडून उचलते. फीड तोच, फेरे तेच, बिट तेच. तिथे मी अर्धा मिमी माल ठेवतो आणि शेवटचा हात उलट्या दिशेने फिरवतो. टवके उडायचे थांबतात, बहुतेक वेळा.

माझ्याकडे एक वही आहे. तारीख, माल, बिट, फेरे, फीड, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: पीठ, रवा, साल, किंवा दोरा. त्या वहीत जुलैची आणि मार्चची पाने जुळत नाहीत, कारण पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेला एमडीएफ दमट होऊन फुगतो आणि त्याच आकड्यांवर कडांना केस सोडतो. बिटांच्या डबीवर छापून येणारा तक्ता मी सुरुवातीचा आकडा म्हणून घेतो आणि तिथूनच्या पुढे भुशाचे ऐकतो. ज्या दिवशी वहीत ‘रवा’ लिहिले जाते त्या दिवशी बिट सहसा मोडत नाही.

या आठवड्यात स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) शीट आल्या आहेत, आतून फेसाळ पीव्हीसी. काल पहिली पट्टी १८,००० आणि ५,००० वर कापली. लांबच लांब पांढरे दोरे निघाले, बिटाला शेवयांसारखे गुंडाळले गेले, आणि कोपऱ्यावर नाकाला झोंबणारा वास आला. वहीत शेवटच्या रकान्यात ‘दोरा’ लिहून समोर प्रश्नचिन्ह काढले आहे. उद्या सकाळी एका धारेचे बिट लावून, १२,००० वर, दुसरी पट्टी कापायची आहे. मिस्त्रींना दहा वाजता यायला सांगितले आहे.